बदकांच्या पुस्तकाचे दोन खंड

अमेरिकेतल्या बदकांवर मी कतारमध्ये आठ-नऊ वर्षं पोट भरलं असं सांगितलं, की वसईतल्या आमच्या वाडीतल्या बायका आधी हसतात आणि मग विचारतात, "पोल्ट्री होती काय गो तिकडे?" पोल्ट्री नव्हती. बदकं कागदावरची होती, दीड-पावणेदोन शतकांपूर्वी कुणीतरी हाताने रंगवलेली, आणि ती सांभाळणं हे माझं काम होतं. नाताळ अंकासाठी आखातातल्या नोकरीवर लिहा असं संपादकबाईंनी सुचवलं तेव्हा मी बरेच दिवस टाळलं. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण त्यातली जी गोष्ट खरोखर सांगण्यासारखी आहे, तिची आठवण निघाली की मन उदास होतं.

लग्नाआधी मी मुंबईत एका जुन्या ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात होते. फाटलेलं पान जोडायचं, सुटलेला पुठ्ठा बसवायचा, कसर लागलेली पुस्तकं साफ करायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझे पती विल्सन यांना दोह्यात एका गॅस कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागातल्या एका फ्लॅटमध्ये राहायला गेलो. मुलगी शाळेत जायला लागली तशी मीही काम शोधू लागले. विल्सनच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने बातमी आणली. दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला एक वयस्क कतारी गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे खोलीभर जुनी पुस्तकं आहेत आणि ती धुळीने खराब होत चालली आहेत.

ते बू नासर. म्हणजे नासरचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला ओळखतात. घरातले नोकर त्यांना 'बाबा' म्हणायचे, मग मीही म्हणू लागले. ते मला 'बिन्ती' म्हणायचे, म्हणजे लेकी. पहिल्या दिवशी मी इंग्रजीत बोलायला लागले, तर हात वर करून म्हणाले, "इंग्लिश खलास. हिंदी बोलो." त्यांचे वडील मोत्यांचे व्यापारी होते. हंगाम संपला की माल घेऊन ते मुंबईला यायचे आणि ह्या मुलालाही बरोबर आणायचे. त्यामुळे बाबांची हिंदी भेंडीबाजारची, माझी वसई-विरारची. आमचं छान जमलं.

अमेरिकन बदकांचं खूळही त्यांनी मुंबईतूनच आणलं होतं. मोत्यांच्या एका दलालाच्या पेढीवर भिंतीला एक चित्र लावलेलं होतं. लाल डोक्याचं बदक, मागे लव्हाळे, आणि लांबवर पसरलेलं गोडं पाणी. "खारा पानी तो हमने बहुत देखा था," बाबा सांगायचे. "मीठा पानी इतना? मैं समझा, चित्र बनाने वाला झूठा है." पुढे दिवस पालटले, हातात चार पैसे आले, तेव्हा त्यांनी त्या बदकाचा माग काढला. ते एका जुन्या अमेरिकन शिकारीच्या पुस्तकातलं निघालं. तिथून त्यांचा संग्रह सुरू झाला.

ही पुस्तकं म्हणजे काय ते सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शिकार, मासेमारी, घोडे, कुत्रे असल्या शौकांवर पुस्तकं निघू लागली. रंगीत छपाई अजून बाल्यावस्थेत होती. म्हणून चित्र काळ्या शाईत छापायचं आणि मग प्रत्येक प्रतीवर हाताने रंग भरायचे. रंग भरणाऱ्या बहुतेक बायका आणि मुली. एकीने सगळ्या माना तांबड्या करायच्या, दुसरीने पाण्यावर निळा हात फिरवायचा. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींमध्ये तेच बदक वेगळं दिसतं. एका प्रतीत त्या बाईचा हात हलका पडलेला असतो, दुसरीत कुंचल्यावर पाणी जास्त झालेलं असतं. मला त्या बायकांचं फार वाटायचं. त्यांची नावं कुठेच नाहीत. पण पिसांच्या काळ्या भागावर त्यांनी डिंकाचा हात दिलेला असायचा. कागद उजेडात तिरपा धरला की तो भाग अजून ओला असल्यासारखा चमकायचा.

ही पुस्तकं विकली जायची शिकारी लोकांना. ते ती बंदुकांशेजारी, शेकोटीजवळ, ओलसर घरात ठेवायचे. मुलं चित्रं फाडून भिंतीला लावायची. म्हणून आज पूर्ण प्रत मिळणं कठीण. बाबांकडे नवं पुस्तक आलं की मी आधी एकेक पान आणि एकेक चित्र जागेवर आहे का ते बघायची, चित्रावरचा पातळ कागद तपासायची, आणि रंग त्याच काळचा आहे का हे पाहायची. साध्या काळ्या चित्राला मागाहून रंग फासून विकणारे पुष्कळ असतात. कागदावरचे जुने तपकिरी डाग रंगाच्या खाली गेलेले दिसले, तर समजायचं की डाग आधीचे आणि रंग परवाचा. मग दुरुस्ती. गव्हाच्या सत्त्वाची खळ करायची आणि केसाएवढ्या पातळ कागदाने चिरा सांधायच्या. दोह्यात हे करणं सोपं नाही. पिठासारखी धूळ बंद खिडकीतूनही आत येते आणि ऑगस्टमध्ये एसी बंद पडला की दमटपणाने पानं लाटांसारखी होतात. घरी गेले की मुलगी दारातच विचारायची, "मम्मा, विच बर्ड टुडे?"

बाबा संध्याकाळी कधी हातावर ससाणा घेऊनच ग्रंथालयात यायचे. मी एकदा विचारलं, ससाण्यांची पुस्तकं का नाही घेत? ते म्हणाले, "बाज़ की किताब सब शेख लेते हैं. बत्तख का कोई नहीं." पाहुणेही एकेक यायचे. एकदा एक सजावटकार बाई आल्या. कुणाच्या तरी नव्या बंगल्यासाठी त्यांना भिंतीवर लावायला बदकं हवी होती, आणि सोफा निळा होता म्हणून बदकंही निळसर असली तर बरं, असं त्यांचं म्हणणं. मी ते हिंदीत बाबांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "उनको बोलो, सोफ़ा बदल दो."

ह्या संग्रहातलं त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक अपुरं होतं. दोन खंडांपैकी दुसराच त्यांच्याकडे होता, लंडनच्या लिलावातून आलेला. पहिला खंड कुठे असेल ते कुणालाच माहीत नव्हतं. आतल्या कोऱ्या पानावर फिकट शाईत पहिल्या मालकाचं नाव होतं: एलायजा ट्रेंट.

विल्सनच्या ऑफिसच्या नाताळच्या पार्टीत मी एका कोपऱ्यात पुडिंग खात उभी होते. विल्सन एका उंच, पांढऱ्या केसांच्या अमेरिकन माणसाला घेऊन आले. त्यांच्या विभागाचे वरिष्ठ इंजिनियर, निवृत्तीनंतर पुन्हा बोलावून घेतलेले. विल्सनने ओळख करून दिली, "माझी बायको, जुनी पुस्तकं दुरुस्त करते. सध्या बदकांची."

"आमच्या घरात बदकांचं एक पुस्तक आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "म्हणजे अर्धं आहे. पणजोबांच्या वेळी दोघा भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा पुस्तकही वाटून घेतलं. आमच्या वाट्याला पहिला खंड आला. धाकट्या भावाच्या घरच्यांनी दुसरा विकून टाकला."

मी त्यांचं आडनाव विचारलं. ते म्हणाले, "ट्रेंट. वॉल्टर ट्रेंट."

माझ्या हातातला पुडिंगचा चमचा तसाच राहिला. मी विचारलं, "तुमच्या घराण्यात एलायजा नावाचे कुणी होते का?"

ट्रेंटसाहेब पुढच्या सुट्टीला मेरीलँडला गेले आणि येताना पहिला खंड टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले. मी त्यांना उम्म सलालला नेलं. टेबलावर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. कातडं एकाच बांधणाऱ्याच्या हातचं, कण्यावरची सोनेरी नक्षीही तीच. फक्त एक शेकोटीच्या धुराने काळवंडलेलं आणि दुसरं उन्हाने विटलेलं, दोन घरांत वाढलेल्या सख्ख्या भावांसारखी. मग मला एक गोष्ट दिसली. पहिल्या खंडाच्या पुढच्या पुठ्ठ्यावर एक बारीक भोक होतं, किड्याने पाडलेलं. दुसऱ्या खंडाच्या मागच्या पुठ्ठ्यावरही तसंच होतं. मी दोन्ही पुस्तकं फळीवर ठेवतात तशी उभी केली, पहिलं डावीकडे, दुसरं उजवीकडे. भोकाला भोक जुळलं. कधी काळी ती एकाच फळीवर अंगाला अंग लावून उभी होती आणि एक किडा ह्यातून त्यात गेला होता.

दोघा म्हाताऱ्यांनी वाकून ते पाहिलं. मग बाबांनी गावा मागवला, म्हणजे ती वेलची घातलेली अरबी कॉफी, आणि पहिला कप स्वतः ट्रेंटसाहेबांच्या हातात दिला.

पुढची दोन-तीन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची. शुक्रवारी दुपारी ट्रेंटसाहेब गाडी चालवत उम्म सलालला यायचे. त्यांनी पहिला खंड बाबांच्या ग्रंथालयातच ठेवला होता, आपल्या घरापेक्षा इथली हवा बरी म्हणून. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, बाबांचं इंग्रजी चार वाक्यांचं आणि ट्रेंटसाहेबांचं अरबी शुक्रन आणि इन्शाल्लापुरतं. मधे मी. ट्रेंटसाहेब लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर पहाटे बदकं मारायला जायचे, ते सांगायचे. दलदलीतल्या चिखलाचा वास कसा असतो, कुत्रा पाण्यातून बदक तोंडात धरून कसा आणतो. बाबा लहान मुलासारखे विचारत राहायचे. पाणी किती खोल? ते पिता येतं? मग बाबा त्यांना वाळवंटात ससाणे उडवायला घेऊन जायचे. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला पुस्तक विकत मागितलं नाही. मागायचं मनात दोघांच्याही असणार, हे मला कळत होतं.

इराकचं युद्ध सुरू झालं त्या वर्षी बाबांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, येणारे लोक कुरकुरू लागले. अमेरिकन माणूस दर शुक्रवारी घरात कशाला? बाबांनी एकदाच उत्तर दिलं, मला ते नंतर हिंदीत सांगितलं. "मैंने बोला, वो अमेरिकन नहीं है. वो किताब का पहला हिस्सा है."

त्याच हिवाळ्यातली एक दुपार. उन्हं उतरली होती, दोन्ही खंड उघडे होते, आणि बोलता बोलता बाबा थांबले. मला म्हणाले, "मिस्टर वॉल्टर को बोलो. हम दोनों बुड्ढे हैं. जो पहले जाएगा, उसका किताब दूसरे के पास रहेगा. दोनों साथ रहेंगे."

मी इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द: जो आधी जाईल त्याचं पुस्तक दुसऱ्याकडे राहील.

ट्रेंटसाहेब हसले. म्हणाले, "मग तो मीच असणार."

मी ते हिंदीत सांगितलं. बाबाही हसले, मान डोलावली, आणि दोघांनी हात मिळवले. कागद नाही, सही नाही. बाबांच्या पिढीत असल्या गोष्टीला कागद मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मला आठवतं, त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी विल्सनला म्हणाले होते, "मी आज एक चांगलं काम केलं."

साधारण वर्षभराने ट्रेंटसाहेबांच्या बायकोला, मार्थाबाईंना, पक्षाघाताचा झटका आला. त्या मेरीलँडलाच होत्या. ट्रेंटसाहेबांनी नोकरी सोडली, घाईघाईने घर आवरलं आणि निरोप घ्यायला उम्म सलालला आले. डोळे सुजलेले होते. बाबांनी त्यांना जवळ बसवलं, मार्थाबाईंसाठी दुआ मागितली. मग ट्रेंटसाहेब उठून फळीपाशी गेले, पहिल्या खंडावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "फिलो, ह्या म्हाताऱ्याला मी बरोबर नेतो. मार्थाला त्यातली चित्रं आवडायची. तिला दाखवीन."

मी बाबांकडे पाहिलं. ट्रेंटसाहेब चालले होते, कायमचे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा हळू आवाजात म्हणाले, "चुप, बिन्ती."

त्यांनी स्वतः फळीवरून पुस्तक काढलं. आपल्या खांद्यावरच्या शालीत ते गुंडाळलं, नीट, चारही बाजू आत दुमडून, आणि दोन्ही हातांनी ट्रेंटसाहेबांना दिलं. दोघांनी मिठी मारली. ट्रेंटसाहेब रडले. बाबा रडले नाहीत. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ते दारात उभे होते.

मी म्हणाले, "बाबा, ते विसरले असतील. घरात इतकं मोठं संकट. मी फोन करून आठवण करते."

"नहीं," ते म्हणाले. "याद दिलाओ, तो वादा नहीं रहता. उधार हो जाता है."

त्यानंतर त्यांनी दुसरा खंड कधी उघडायला सांगितला नाही. पुस्तकं येत होती, माझं काम चालू होतं, पण बदकांचं नाव निघत नव्हतं. ईदला ट्रेंटसाहेबांचा फोन यायचा. बाबा समोर बसलेले असायचे आणि हाताने खूण करायचे: झोपलेत म्हणून सांग. मी सांगायची. पलीकडून ट्रेंटसाहेब म्हणायचे, "त्यांना म्हणावं, मी रोज त्यांची आठवण काढतो." हे मी बाबांना सांगितलं की ते म्हणायचे, "अच्छा." बस, तेवढंच. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. ते रागावले नव्हते, त्यांनी ट्रेंटसाहेबांना मनातून उतरवलं होतं, आणि त्याचं दुःख त्यांनाच सगळ्यात जास्त होतं. कितीतरी वेळा वाटलं, घरी जाऊन गुपचूप मेरीलँडला फोन लावावा. पण त्यांनी नको म्हटलं होतं. ज्यांचं मीठ खाल्लं आणि ज्यांनी लेक म्हटलं, त्यांचा शब्द मोडून त्यांच्याच अब्रूचा प्रश्न दुसऱ्यापुढे मांडायचा, हे माझ्याने झालं नाही.

दोन वर्षांनी बाबा गेले. थोडे दिवस हॉस्पिटलात होते. शेवटी शेवटी त्यांची हिंदीही गेली, फक्त अरबी उरली, त्यामुळे माझं बोलणं त्यांना पोचत होतं की नाही कळेना.

नासर हा थोरला मुलगा. बांधकामाचा मोठा व्यवसाय, माणूस सभ्य. चाळीस दिवस उलटल्यावर त्याने मला बोलावलं आणि सरळ सांगितलं की भावंडांपैकी कुणालाच पुस्तकांचं काही कळत नाही, ती जिथे कदर होईल तिथे जाऊ देत. लंडनचा एक व्यापारी सगळा संग्रह एकदम घ्यायला तयार होता. मला वाईट वाटलं, पण त्यात गैर काही नव्हतं. मी एकेक पुस्तक कागदात गुंडाळून खोक्यांत भरलं. दुसरा खंड भरताना हात थबकला, पण माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. पहिला खंड ज्याचा होता तो घेऊन गेला होता. खोकी गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या घरचा फोन वाजला. ट्रेंटसाहेब होते. त्यांना बाबांची बातमी विल्सनच्या ऑफिसमधल्या कुणाकडून तरी उशिरा कळली होती. खूप वेळ ते बाबांबद्दलच बोलत राहिले. मग अवघडून म्हणाले, "फिलो, हे विचारायला मला लाज वाटते. पण आमचं ठरलं होतं ना, तुझ्यासमोरच. मला वाटलं होतं आधी मीच जाणार. माझ्या हृदयाची दोनदा ऑपरेशनं झालीत. आणि गेला तो. आता त्याचा खंड माझ्याकडे यायचा. नासरला चालेल का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दोह्यात आम्ही सगळे परके. तिथे कुणी भेटलं की पहिला प्रश्न, कधी जाणार? जाणं म्हणजे देश सोडून जाणं, त्याला दुसरा अर्थच नाही. बाबांचा जन्म तिथला. त्यांनी आयुष्यभर माणसं येताना आणि जाताना पाहिली होती. 'जो पहले जाएगा' म्हणताना त्यांच्या मनात विमानतळ होता, आणि ऐकताना माझ्याही. परदेशी माणूस कधीतरी जाणारच, पण त्याला 'तूच जाशील' असं तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी अदबीने 'दोघांपैकी जो' म्हटलं. आणि ट्रेंटसाहेबांना ऐकू आलं मरण. 'मग तो मीच', ते म्हणाले, आपल्या हृदयाचा विचार करून. बाबांना ते बरोबरच वाटलं. दोघेही एकाच उत्तरावर हसले होते. माझं भाषांतर अचूक होतं. हिंदीतला शब्द जितका मोघम, तितकाच इंग्रजीतला.

मी ट्रेंटसाहेबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी," ते म्हणाले, "मी वचन मोडून चाललोय असं त्याला वाटत होतं?"

"हो."

"आणि तरी त्याने आपल्या हाताने गुंडाळून दिलं. स्वतःच्या शालीत." मग म्हणाले, "ती शाल अजून माझ्याकडे आहे. मला वाटलं ती भेट आहे."

दुसऱ्या दिवशी मी नासरच्या ऑफिसात गेले. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "हे तुम्ही खोकी जाण्याआधी सांगितलं असतं तर मी तो खंड बाजूला काढला असता." मी म्हणाले, "मला तेव्हा ठाऊकच नव्हतं." त्याने तिथल्या तिथे लंडनला फोन लावला. तो व्यापारी काय सांगत होता ते मला ऐकू येत नव्हतं, पण नासरच्या चेहऱ्यावरून कळत होतं. फोन ठेवून तो म्हणाला, "ते पुस्तक आता नाही. त्याने चित्रं सुटी करून विकली."

आमच्या धंद्यात हे नेहमी घडतं. पूर्ण संच असला तर कुणी त्याला सुरी लावत नाही. संग्राहक तो संच म्हणूनच घेतात. अर्धा संच कुणाला नको असतो. पण त्यातली हाताने रंगवलेली चित्रं एकेक करून, फ्रेम करून, चटकन खपतात. पहिला खंड शेजारी उभा असता, तर दुसरा वाचला असता. एवढं साधं होतं ते. आता ती चित्रं कुठल्या कुठल्या देशांत, कुणाच्या जेवणघरात, कुणाच्या दवाखान्यात लागलेली असतील. मी सांधलेल्या चिरा त्यांच्या मागच्या बाजूला असतील, त्या कुणाला दिसणार नाहीत.

ट्रेंटसाहेब त्यानंतरच्या हिवाळ्यात आले. मार्थाबाई गेल्या होत्या. आम्ही त्यांना हॉटेलवरून घेतलं. विल्सन गाडी चालवत होते, मी मागे, आणि पुढे बसलेल्या ट्रेंटसाहेबांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेला पहिला खंड. चित्रं सुटी झाल्याचं मी त्यांना फोनवर सांगितलं नव्हतं. गाडीत सांगितलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. गाडी उम्म सलालच्या रस्त्याला लागली. मग म्हणाले, "म्हणजे मी ते नेलं नसतं तर…" विल्सनने रेडिओ बंद केला.

नासर आम्हाला आधी कब्रस्तानाकडे घेऊन गेला. तिकडे कबरीवर नाव नसतं. वाळू, आणि डोक्याशी एक साधा दगड. मी गाडीतच थांबले. नासर त्यांना रांगांमधून नेत होता, आणि मधेच थांबून तोही इकडेतिकडे बघत होता, बापाचा दगड नेमका कुठला ते त्यालाही शोधावं लागत होतं. एका जागी दोघे उभे राहिले. वारा होता. ट्रेंटसाहेबांनी टोपी काढून हातात धरली.

परत घरी आलो. ग्रंथालयाची खोली आता नातवंडांची अभ्यासाची खोली झाली होती, म्हणून आम्ही मजलिसमध्ये बसलो. गावा आला. ट्रेंटसाहेबांनी पुस्तक शालीसकट पुढे केलं आणि इंग्रजीत म्हणाले, "मी आधी गेलो. त्यामुळे हे तुमच्या वडिलांचं आहे."

नासरचं इंग्रजी उत्तम, इथे माझी गरजच नव्हती. तो म्हणाला, "मिस्टर वॉल्टर, वडील नाहीत. दुसरा खंडही नाही. हे मी घेऊन काय करू? तुम्ही ठेवा. आमच्या मनात काही नाही."

"तुमच्या मनात नसेल," ट्रेंटसाहेब म्हणाले. "त्यांच्या मनात होतं. ते तसंच मनात घेऊन गेले."

नासरने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. मग उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं. शाल बाजूला केली. ती त्याने ओळखली असावी. क्षणभर तिच्यावरून हात फिरवला. मग पुस्तक उघडलं, अरबी पुस्तक उघडतात तसं, मागच्या बाजूने, आणि समोर आलेलं शेवटचं कोरं पान बघत राहिला. ट्रेंटसाहेब उठले, त्याच्याजवळ गेले, त्याच्या हातातच ते हळूच फिरवून सुलटं केलं आणि पहिलं चित्र काढून दिलं.